आत्याची बिळं, सरांची पद्धत

त्या बेटावर मी पंधरा महिने होते, आणि त्यातले शेवटचे सात निव्वळ रागात गेले. लोक विचारतात, "तिकडे मजा असेल ना, समुद्र, नारळाची झाडं?" नारळाची झाडं होती. समुद्र इतका निळा होता की फोटो खोटा वाटायचा. पण मला आठवतं ते लेक्चर हॉलमधला थंडगार एसी, पडद्यावरची एक स्लाइड, आणि खुर्चीच्या हातावर घट्ट दाबून धरलेला माझा पंजा.

आधी आत्याबद्दल सांगायला हवं, कारण सगळं तिच्यापासून सुरू होतं.

आमचं घर डोंबिवली पश्चिमेला, खाडीच्या बाजूला जे जुनं गाव उरलंय तिथे. आजोबा मिठागरावर कामाला होते. वडलांच्या वेळेपर्यंत मिठागरं बंद पडली, जमिनींवर बिल्डिंगा आल्या, आणि आता आमच्याही घराचे तीन मजले आहेत. वरच्या दोन मजल्यांवर भाडेकरू राहतात. तळमजल्यावर मागच्या खोलीत माझी आत्या, वडलांची मोठी बहीण. लग्नानंतर चार वर्षांत नवरा गेला आणि ती परत आली. वडील म्हणायचे, "बस घरात, काय कमी आहे तुला?" ती बसली नाही. ओहोटी लागली की साडी वर खोचून, टोपली आणि लोखंडी सळईचा आकडा घेऊन ती तिवरांत, खाडीकाठच्या खारफुटीत, उतरायची. चिंबोऱ्या, म्हणजे चिखलातले मोठे खेकडे पकडायला.

मी सात-आठ वर्षांची असल्यापासून तिच्यामागे जायचे. आईला ते आवडायचं नाही. शाळेतून आलेल्या पोरीनं गुडघाभर चिखलात जायचं म्हणजे काय. पण मी जायचे. आत्या बिळात हात घालण्याआधी बिळाकडे बघत राहायची. बिळाच्या तोंडाशी ओल्या चिखलाची चकचकीत ढेकळं असली की चिंबोरी आत आहे. कडा सुकून भेगाळल्या असल्या की बीळ रिकामं. पायांच्या नखांच्या रेघा लांब लांब पडलेल्या असल्या तर मोठी, जवळ जवळ असल्या तर लहान. आणि बिळाचं तोंड आतून चिखलानं बंद केलेलं असेल तर हात लावायचा नाही.

"ती आत मऊ झालेली हाय," ती सांगायची. "जुना कवच टाकलान तिनं. आठ-दहा दिस तिला कोन नको. ऱ्हाऊ दे."

आकडा घालून बघितलेलं प्रत्येक बीळ ती परत हातानं थापून पूर्वीसारखं करायची. का, म्हणून मी एकदाच विचारलं. म्हणाली, "दुसऱ्याच्या घरात गेलीस तर दार लावून येशील का नाय?"

बस्स, एवढंच माझं पहिलं शिक्षण. पुढे ठाण्याला कॉलेज, प्राणिशास्त्र, मग एमएस्सी. मग परदेशातल्या एका विद्यापीठाची जाहिरात दिसली. उष्ण कटिबंधातल्या बेटावर त्यांचं संशोधन केंद्र होतं आणि खारफुटीतल्या प्राण्यांवर काम करून वर्षभराची पदवी घ्यायला शिष्यवृत्ती मिळत होती. ऑनलाइन मुलाखतीत त्यांनी विचारलं की चिखलात काम करायची सवय आहे का. मला हसू आलं. वडलांनी अख्ख्या गावात पेढे वाटले. आत्यानं मला विचारलं, "तिथली चिंबोरी आपल्यासारखीच का?" मी म्हटलं, जवळपास तीच. "मग तिकडं जाऊन काय शिकशील?" ती म्हणाली, आणि ते तिनं खरंच विचारलं होतं, टोमणा नव्हता.

केंद्रावर आम्ही सहा विद्यार्थी होतो, बाकीचे पाच सगळे थंड देशांतले. आमचे प्रमुख प्राध्यापक साठीच्या घरातले, उंच, कायम उन्हानं लाल. तिथे सगळे त्यांना नावानं हाक मारायचे. मला ते शेवटपर्यंत जमलं नाही, मी सरच म्हणायचे. माणूस वाईट नव्हता. हे मुद्दाम लिहितेय, कारण राग आला की मी त्यांना मनात वाईट करून टाकते, आणि मग स्वतःचीच गोष्ट मला खोटी वाटायला लागते.

काम असं होतं की ठरवलेल्या चौकोनात चिंबोऱ्या किती हे मोजायचं. सरांची रीत म्हणजे खोदणं. फावड्यानं प्रत्येक बीळ खणायचं, आत काही आहे का बघायचं, लिहायचं. पहिल्या आठवड्यात आम्ही असे तीन चौकोन खणले. मुळं तुटली, बिळं ढासळली, फावड्याखाली दोन चिंबोऱ्या चिरल्या गेल्या. तिसऱ्या दिवशी एक आतून बंद केलेलं बीळ माझ्या शेजारच्या मुलानं खणलं. आत मऊ चिंबोरी होती, ओल्या कागदासारखी. त्याच्या हातातच फाटली. तो बिचारा घाबरला. मी मात्र चिडले.

मी सरांना म्हटलं, "खणायची गरज नाही. बाहेरूनच कळतं."

"कसं?"

मी दाखवलं. ढेकळं, रेघा, सुकलेल्या कडा. वीस बिळं मी बाहेरून सांगितली, त्यांनी ती खणून तपासली. अठरा बरोबर निघाली. सर चिखलात उभे राहून हसत होते, लहान मुलासारखे. त्या दिवसापासून फावडी बंद झाली. पुढचे कित्येक महिने मी बाकीच्या पाचजणांना शिकवत होते. मला अभिमान वाटत होता, खोटं कशाला बोलू. वाटायचं, आत्यानं हे बघायला पाहिजे होतं.

केंद्रावर स्वयंपाक करणारी एक बाई होती. बेटावरच्याच गावातली, माझ्या आईच्या वयाची. तिचं इंग्रजी मोडकं होतं, माझंही सुरुवातीला फार बरं नव्हतं, त्यामुळे आमचं जमायचं. भात शिजवायची तिची आणि आमची तऱ्हा सारखीच. एकदा ती आम्हाला जेवणाचे डबे घेऊन तिवरांत आली आणि मी बाकीच्यांना नखांच्या रेघा दाखवत होते तिथे थांबली. थोडं ऐकलं आणि मोठ्यानं हसली. मग कमरेला गुंडाळलेलं कापड वर करून खाली बसली आणि बोटानं पलीकडच्या तीन बिळांकडे दाखवलं. हे भरलेलं. हे रिकामं. हे, आतून बंद केलेलं, याला हात नाही. त्यांच्या गावातल्या सगळ्या बाया हे करतात, ती म्हणाली.

"इथे किती वर्षं काम करताय?" मी विचारलं.

"अकरा."

"मग यांना कधी सांगितलं नाहीत?"

तिनं खांदे उडवले. "कुणी विचारलं नाही."

अकरा वर्षं. अकरा वर्षं ती त्या लोकांना जेवायला घालत होती, आणि ते तिच्या गावाच्या चिखलात फावड्यानं तिवरं उपटत होते, आणि एकालाही तिला विचारावंसं वाटलं नाही. मला सरांचा राग आला, पण त्याहून जास्त स्वतःचा आला. मीसुद्धा आठ महिने तिच्या हातचं जेवत होते. मीही विचारलं नव्हतं. मला वाटत होतं ही विद्या माझ्या घरची, डोंबिवलीची, आणि मी ती या बेटावर घेऊन आले.

त्याच महिन्यात केंद्राची वार्षिक सभा होती. बाहेरून पाहुणे आलेले, पैसे देणाऱ्या संस्थांची माणसं आलेली. सरांनी भाषण केलं. पडद्यावर स्लाइड आली: न खणता बिळं मोजण्याची नवी जलद पद्धत. वर सरांचं नाव. पद्धतीलाही सरांचंच आडनाव. पाच पायऱ्या, सुबक चित्रं. चित्रातला हात माझा होता, बांगडीवरून ओळखला मी. शेवटच्या स्लाइडवर आभार, त्यात 'क्षेत्र सहाय्यक विद्यार्थी' म्हणून आम्हा सहाजणांची नावं, अकारविल्हे. स्वयंपाकीणबाई मागे चहाचे कप मांडत होती.

आणि चौथी पायरी चुकीची होती. तिथे लिहिलेलं: तोंड बंद असलेलं बीळ रिकामं धरावं.

सभा संपल्यावर मी त्यांच्या खोलीत गेले.

"सर, ही पद्धत तुमची नाही."

त्यांनी चष्मा काढला. "बस. तू ही कुठे शिकलीस?"

"माझ्या आत्याकडून."

"तिनं ती कुठे प्रसिद्ध केली आहे?"

"तिला लिहिता येत नाही."

"मग मी संदर्भ कशाचा देऊ?" त्यांनी अगदी शांतपणे, समजावणीच्या सुरात विचारलं. "हे बघ, असं लोकज्ञान जगभर असतं. ते तपासणं, आकडे काढणं, ते विज्ञान. ते आपण केलं."

"आणि बंद बीळ? मी तुम्हाला सांगितलं होतं की त्यात असते."

"खणल्याशिवाय सिद्ध होत नाही. आणि खणायचं नाही असं तूच म्हणालीस. म्हणून सोयीसाठी रिकामं धरलं."

नंतर शंभर उत्तरं सुचली, अजून सुचतात, कल्याणला रिक्षाच्या रांगेत उभी असताना, भांडी घासताना. तेव्हा मी फक्त उठून बाहेर आले.

मी एकच गोष्ट केली. माझ्या प्रबंधात पद्धतीच्या प्रकरणात पहिल्याच परिच्छेदात दोन बायकांची पूर्ण नावं लिहिली, गावांसकट, आणि लिहिलं की बिळं वाचायला मला यांनी शिकवलं. स्वयंपाकीणबाईला मी आधी विचारलं. तिनं आपलं नाव कागदावर स्वतः लिहून दिलं, स्पेलिंग चुकू नये म्हणून. विद्यापीठाच्या समितीनं प्रबंध परत पाठवला. नावं आभारात हलवा. मी हलवली नाहीत. पुन्हा परत. असं सात महिने चाललं. शिष्यवृत्ती संपली, व्हिसा संपत आला, आणि बाकीचे पाचजण पदव्या घेऊन गेलेसुद्धा. शेवटी एका बाहेरच्या परीक्षक बाईंनी लिहिलं की नावं तिथेच राहू द्यावीत, आणि प्रबंध पास झाला. सगळ्यात खालच्या श्रेणीत. सरांनी निरोपाच्या वेळी हात मिळवला आणि म्हणाले, "तू फार हट्टी आहेस." मी तो हात घेतला. तो का घेतला याचंही मला अजून वाईट वाटतं.

घरी आले आणि आत्याला सगळं सांगितलं. मला वाटलं होतं ती माझी पाठ थोपटेल. तिनं ऐकून घेतलं आणि तिचा चेहरा उतरला.

"तू त्यांना दाखवलास कनाला?"

"ते खणत होते गं. मरत होत्या चिंबोऱ्या."

"आन आता? आता त्यांना ठाव झाला ना, कुठं हाय नि कुठं नाय. आता कोनपन यील कागद घेऊन."

मी तिच्यावर चिडले. म्हटलं, तुझ्यासाठी मी सात महिने भांडले. ती म्हणाली, "मना कवा इचारलंस?" आणि उठून आत गेली. दोन दिवस आम्ही एकमेकींशी बोललो नाही. ती बरोबर होती हे कळायला मला त्याहून बराच जास्त वेळ लागला.

मग नोकरी शोधणं. ठाण्याला वागळे इस्टेटमध्ये एका कंपनीत लागले. बांधकामांच्या आधी पर्यावरणाचा अहवाल लागतो, तो ही कंपनी तयार करून देते. जुन्या कारखान्याच्या शेडमध्ये काचा लावून केलेलं ऑफिस. पहिलंच मोठं काम आलं ते आमच्याच खाडीचं. काठानं रस्ता होणार होता आणि तिवरांत काय जगतं ते मोजायचं होतं. मॅनेजर माझ्याहून तीन-चार वर्षांनी लहान, चटपटीत, वर्तकनगरचा. त्यानं माझ्या हातात एक लॅमिनेट केलेलं कार्ड दिलं.

"मॅडम, हे प्रोटोकॉल आहे. इंटरनॅशनल आहे. आधी याचं ट्रेनिंग घ्यावं लागेल तुम्हाला, दोन दिवस."

पाच पायऱ्या. वर सरांचं आडनाव. चित्रात बांगडीवाला हात.

मी कार्ड टेबलावर ठेवलं आणि म्हटलं, "हा हात माझा आहे."

तो हसला. त्याला वाटलं मी गंमत करतेय. मी मोबाइलवर माझा प्रबंध उघडून दाखवला. मग तो हसायचा थांबला, पण म्हणाला, "ते ठीक आहे हो, पण क्लायंटला हेच लागतं. चौथा पॉइंट पण तसाच ठेवायचा."

चौथा पॉइंट. आम्हाला मोजणीसाठी जे दिवस मिळाले ते नेमके चिंबोऱ्या कवच टाकतात ते. खाडीवर गेले तेव्हा अर्धीअधिक बिळं आतून बंद. म्हणजे कार्डाप्रमाणे अर्धी खाडी रिकामी. मला समोर दिसत होतं, त्या प्रत्येक चिखलाच्या बुचाखाली एक मऊ जीव बसलाय, आणि कागदावर तो नाही. पायरी सोयीसाठी होती, सर म्हणाले होते. कोणाच्या सोयीसाठी ते आता कळलं.

त्या संध्याकाळी मी आत्यासमोर जाऊन बसले. या वेळी विचारलं.

"आत्या, उद्या माझ्याबरोबर येशील? मोजायला. तुझं नाव मी अहवालात लिहिणार आहे. नको असेल तर लिहिणार नाही, आणि तू नाही म्हणालीस तर मी जाणारही नाही."

तिनं गुडघे चोळले. मग म्हणाली, "रस्ता होनार?"

"मोजणी बघून ठरवतील म्हणतात."

"मंग चल. नीट मोजू."

चार दिवस आम्ही दोघींनी मोजलं. आत्याचे गुडघे दुखायचे, तरी ती मागे हटली नाही. राडारोड्याचे ढीग ओलांडून जावं लागायचं, पाण्यावर फेस असायचा. ती बोटानं दाखवायची, मी लिहायचे. भरलेलं, रिकामं, मऊ. आम्ही सळईचा आकडा एकदाही बिळात घातला नाही. आमची बेरीज कार्डाच्या बेरजेच्या दुपटीहून जास्त आली.

ऑफिसात हजेरीच्या तक्त्यात तिच्या नावापुढे मॅनेजरनं 'मजूर' लिहिलं होतं. मी ते खोडून 'तज्ज्ञ' केलं. त्यानं परत 'मजूर' केलं. तिसऱ्या वेळी मी म्हटलं की माझी सही मिळणार नाही, अहवाल दुसऱ्याकडून लिहून घ्या. आवाज चढला, शेजारच्या केबिनमधून लोक डोकावले.

"मॅडम, एका शब्दासाठी कशाला एवढं?" तो वैतागून म्हणाला.

"एका शब्दासाठी कशाला एवढं, तेच मी तुम्हाला विचारतेय."

शेवटी मालकांनी मध्ये पडून तोडगा काढला. मुख्य तक्त्यात कार्डाचे आकडे. आमचे आकडे परिशिष्टात, आत्याच्या नावानं, 'तज्ज्ञ' म्हणून. मी सही केली. करायला नको होती. तेव्हा वाटलं, परिशिष्ट तरी कोणीतरी वाचेल.

कोणी वाचलं नाही. रस्त्याच्या सुनावणीत मुख्य तक्त्यातलाच आकडा वाचून दाखवला. मी उठून परिशिष्टाचं पान सांगितलं, तर समोरचे साहेब म्हणाले की त्याची नोंद घेतली आहे, आणि पुढचा विषय घेतला. दोन महिन्यांनी भराव सुरू झाला. पहिल्या दिवशी मी आणि आत्या बघायला गेलो. मातीचे डंपर एकामागोमाग एक रिकामे होत होते, आम्ही मोजलेल्या पट्ट्यावर. घराकडे वळताना आत्यानं विचारलं, "माझा नाव त्या कागदावर हाय ना?"

"हो."

"मंग लोक म्हनतील, हिनंच मोजून दिलान."

मी त्या आठवड्यात नोकरी सोडली. आता कल्याणला एका कॉलेजात शिकवते. बिळांबद्दल एक लेख लिहिला, आत्याचं नाव पहिलं, बेटावरच्या बाईंचं दुसरं, माझं तिसरं. दोघींना विचारून. चौथी पायरी कशी चूक आहे ते त्यात आकड्यांसकट आहे. मासिकवाल्यांनी विचारलं की पहिल्या लेखिकेची संस्था कोणती. मी गावाचं नाव लिहून पाठवलं. छापून आला. सरांची दोन ओळींची मेल आली, अभिनंदनाची. मी उत्तर दिलं नाही. ते कार्ड अजून तसंच वापरात आहे, आमच्या खाडीवर आणि कुठल्या कुठल्या खाड्यांवर.

आत्या आता चिखलात उतरत नाही. उतरायला जागा राहिली नाही. गेल्या रविवारी माझ्याबरोबर कल्याणच्या बाजारात आली होती, चिंबोऱ्या विकत घ्यायला. आयुष्यात पहिल्यांदा. कोळीणबाईनं सुतळीनं बांधलेल्या सहा पुढे सरकवल्या. आत्यानं एकेक उचलून पोटाखाली अंगठ्यानं दाबली.

"पोकल हाय," ती म्हणाली. "ही पन पोकल. आत काय नाय."

"मावशी, ताज्या आहेत, आजच आल्यात."

"ताज्या हायत गं. पन भरल्याच नाय." तिचा आवाज वाढला. "मऊ असताना धरल्यात ह्या. आठ दिस थांबायचा व्हता. कोनी धरल्या? कोनी धरल्या, सांग मना."

आजूबाजूचे लोक बघायला लागले. कोळीणबाई माझ्याकडे बघत होती, की हिला आवर. मी आवरलं नाही. मी पिशवी घेऊन आत्याच्या शेजारी उभी राहिले.